अर्धवट अर्ज आणि उत्तर देणारे यंत्र

बेंगळुरू शहराच्या वायव्येस पीण्या ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत असंख्य स्त्रिया काम करतात. समजा, त्यांपैकी एक सव्वीस वर्षांची स्त्री बेळगाव भागातून आलेली आहे. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले होते. पुढे मुक्त विद्यालयातून ती बारावी उत्तीर्ण झाली आणि आता तिला पदवी घ्यावयाची आहे. एका रविवारी दुपारी तिने मोबाइलवर एका महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज उघडला. नाव, पत्ता, जन्मतारीख, गुण असे सर्व रकाने तिने नीट भरले. पाचव्या पानावर ‘स्थलांतर प्रमाणपत्र जोडा’ अशी सूचना आली. हे प्रमाणपत्र कोणते, ते कोठून मिळते, हे तिला ठाऊक नव्हते. विचारावे, तर रविवारी कार्यालय बंद. सोमवारी कार्यालय उघडेल तेव्हा ती शिलाई यंत्रासमोर बसलेली असणार. तिने मोबाइल बाजूला ठेवला. अर्ज तेथेच राहिला.

महाविद्यालयाच्या नोंदींत ती आता ‘अपूर्ण अर्ज’ या यादीतील एक ओळ झाली. कार्यालयातील माणसाला वाटेल की, हिला प्रवेश नको असावा. तिला मात्र वाटत असते की, शिक्षण हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. दोन्ही समज चुकीचे आहेत. अडचण होती ती केवळ एका कागदाची. अशा अर्जदाराशी पुन्हा बोलणे सुरू करावे, तिची अडचण विचारावी आणि ती दूर करावी, यासाठी अलीकडे ‘चॅटबॉट’ या साधनाचा उपयोग केला जातो. हे साधन काय आहे, त्याचे संभाषण कसे रचले जाते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे या पाठात आपण पाहू.

प्रवेशाच्या वाटेवरील गळती

शाळेतील गळती सर्वांच्या परिचयाची आहे. शाळा आणि महाविद्यालय यांच्या मधल्या वाटेवर होणारी गळती मात्र सहसा डोळ्यांत भरत नाही. या वाटेवर असलेली व्यक्ती शाळेच्या पटावर नसते आणि महाविद्यालयाच्या पटावर अजून आलेली नसते. तिची अनुपस्थिती मांडणारा हजेरीपट कोणाकडेच नसतो.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये आपल्या देशात उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांचे प्रमाण, असा याचा अर्थ होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ नवी महाविद्यालये बांधून हे उद्दिष्ट गाठता येणार नाही. जे दारापर्यंत येऊन परत फिरतात, त्यांना आत येण्यास साहाय्य करावे लागेल.

लोक परत का फिरतात? शुल्क हे मोठे कारण आहेच. त्याशिवाय जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला अशा कागदांची जमवाजमव करावी लागते. अर्जाची भाषा परकी असते, मुदत ठाऊक नसते आणि प्रश्न विचारला तर आपले अज्ञान उघडे पडेल अशी भीतीही असते. ज्यांच्या घरात कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्यांना या सर्व गोष्टी सांगणारे माणूस जवळ नसते. ज्यांच्या घरी असे माणूस आहे, त्यांना या अडचणी अडचणी वाटतही नाहीत.

यंत्राशी संवाद

चॅटबॉट म्हणजे माणसाने लिहिलेल्या किंवा बोललेल्या प्रश्नाला माणसाच्या भाषेत उत्तर देणारी संगणकीय प्रणाली. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ वायझेनबॉम या संशोधकाने १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाची अशी प्रणाली प्रसिद्ध केली. समोरच्याच्या वाक्यातील शब्द उलटवून ती त्यालाच प्रश्न विचारीत असे. तिला काहीही कळत नव्हते. तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले. हे पाहून तिचा कर्ताच अस्वस्थ झाला. यंत्रावर माणूस किती सहज विश्वास ठेवतो, याविषयी त्याने पुढे १९७६ मध्ये आपल्या ग्रंथातून सावधगिरीची सूचना दिली.

आजचे चॅटबॉट साधारणपणे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार ठरावीक वाटेने चालतो. त्यात प्रश्न, पर्याय आणि उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात. दुसरा प्रकार विशाल भाषा-प्रतिमानांवर उभा असतो. अशी प्रतिमाने अफाट मजकुरावरून भाषेची घडण शिकतात आणि प्रत्येक वेळी नवे वाक्य तयार करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आल्यानंतर हा दुसरा प्रकार झपाट्याने पसरला.

या उद्योगात बेंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. चौकशी करणाऱ्या व्यक्तीपासून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यापर्यंतच्या सर्व पायऱ्यांची नोंद ठेवणारी प्रणाली शिक्षणसंस्थांना पुरविणारी ‘लीडस्क्वेअर्ड’ ही कंपनी २०११ मध्ये या शहरात सुरू झाली. संभाषण करणाऱ्या प्रणाली तयार करणारी ‘यलो मेसेंजर’ म्हणजेच पुढची ‘यलो डॉट एआय’ ही कंपनीही २०१६ मध्ये येथेच स्थापन झाली. मायक्रोसॉफ्टची भारतातील संशोधन प्रयोगशाळा २००५ पासून याच शहरात आहे. भारतीय भाषांसाठी काम करणाऱ्या संशोधकांच्या सहकार्याने २०२३ मध्ये ‘जुगलबंदी’ नावाचा चॅटबॉट हरियाणातील बिवान या गावी वापरून पाहण्यात आला. शासकीय योजनांची माहिती आपल्या भाषेत विचारावी आणि मोबाइलवर तिचे उत्तर मिळावे, असा त्याचा हेतू होता.

जॉर्जियातील प्रयोग

प्रवेशाच्या वाटेवरील गळती चॅटबॉटने कमी होते काय, याची काटेकोर परीक्षा अमेरिकेत झाली. तेथे महाविद्यालयात जाण्याचे निश्चित करूनही सत्राच्या प्रारंभी अनेक विद्यार्थी वर्गात येतच नाहीत. शाळा संपलेली आणि महाविद्यालय सुरू न झालेले अशा उन्हाळ्याच्या सुट्टीत ही गळती होते. म्हणून तिला ‘उन्हाळी गळती’ असे नाव पडले आहे.

अटलांटा येथील जॉर्जिया राज्य विद्यापीठाने २०१६ च्या उन्हाळ्यात ‘पाउन्स’ नावाचा चॅटबॉट वापरला. विद्यार्थ्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे योगायोगाने पाडण्यात आले. एका गटाला पाउन्सचे संदेश मिळाले. दुसऱ्या गटाला नेहमीचीच माहिती मिळाली. अर्थसाहाय्याचा अर्ज, लसीकरणाची नोंद, वसतिगृह, शुल्क अशा एकेका कामाची आठवण पाउन्स करून देई आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देई. त्या एका उन्हाळ्यात त्याने दोन लाखांहून अधिक उत्तरे दिली, असे विद्यापीठाने सांगितले. लिंडसे पेज आणि हंटर गेलबाख या संशोधकांनी २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या विद्यापीठात येण्याचे ज्यांनी निश्चित केले होते, त्यांच्यातील गळती २१.४ टक्क्यांनी कमी झाली होती.

या प्रयोगातील दुसरी गोष्टही तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे. येण्याचा निश्चय ज्यांनी केलेला नव्हता, त्यांच्यावर या संदेशांचा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ असा की, यंत्राने कोणाचे मन वळविले नाही. ज्यांचे मन आधीच वळलेले होते, त्यांच्या वाटेतील खडे त्याने उचलले. चॅटबॉटचे खरे काम हेच आहे.

संभाषणाची रचना

पीण्यातील त्या अर्जदाराकडे आता परत येऊ. तिला असा संदेश आला असे समजा: ‘शेवटची संधी! आपला अर्ज अपूर्ण आहे. त्वरित पूर्ण करा!’ या संदेशात घाई आहे; साहाय्य नाही. अर्ज अपूर्ण आहे, हे तिला ठाऊकच आहे. तो का अपूर्ण आहे, हे कोणी विचारलेले नाही. त्याऐवजी पुढील संभाषण पाहा.

यंत्र : नमस्कार. हा महाविद्यालयाच्या प्रवेश विभागाचा स्वयंचलित संदेश आहे. तुमच्या अर्जाची चार पाने भरून झाली आहेत आणि ती जतन केलेली आहेत. पाचव्या पानावर काही अडचण आली का? क्रमांक कळवा. (१) स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे काय ते समजले नाही. (२) प्रमाणपत्र मिळालेले नाही. (३) शुल्काविषयी विचारायचे आहे. (४) आता अर्ज करायचा नाही.

अर्जदार : १

यंत्र : एका मंडळाकडून दुसऱ्या मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे जाताना आधीचे मंडळ जे पत्र देते, ते स्थलांतर प्रमाणपत्र. बारावीच्या गुणपत्रिकेबरोबर जे कागद मिळाले, त्यांत ते आहे का, हे एकदा पाहता येईल का?

अर्जदार : कागद गावी आहेत. पुढच्या महिन्यात जाणार.

यंत्र : हरकत नाही. अर्ज तसाच राहील. अर्जाची मुदत ३० तारखेस संपते. प्रमाणपत्र नंतर देण्याची सवलत आहे का, हे प्रवेश विभागातील कर्मचारी सांगू शकतील. त्यांनी फोन करावा का? कोणती वेळ सोयीची आहे?

अर्जदार : संध्याकाळी सातनंतर.

हे संभाषण साधे दिसते. परंतु त्यामागे विचार आहे. पहिल्याच वाक्यात यंत्राने आपण यंत्र असल्याचे सांगितले. नंतर झालेल्या कामाची नोंद केली. त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल ही भीती गेली. अडचण एकच आणि नेमकी विचारली. उत्तरासाठी एक अंक पुरेसा ठेवला. कारण कामावरून थकून आलेल्या माणसाला लांब उत्तर लिहिणे नकोसे वाटते. नकाराचा पर्यायही खुला ठेवला. शेवटी जे आपल्याला सांगता येत नाही, ते यंत्राने माणसाकडे सोपविले.

असे संभाषण रचताना रचनाकार प्रथम अर्जाची प्रत्येक पायरी तपासतात आणि लोक कोठे थांबतात ते पाहतात. त्यानंतर त्या पायरीवर विचारले जाणारे प्रश्न कार्यालयातील कर्मचाऱ्यांकडून गोळा करतात. एकच प्रश्न लोक किती प्रकारे विचारतात, याची यादी करतात. ‘फी किती?’, ‘हप्त्याने भरता येईल का?’, ‘पैसे कमी आहेत, काय करू?’ ही तीन वाक्ये शुल्काविषयीची आहेत. पण तिन्हींचे उत्तर निराळे आहे. तिसऱ्या वाक्याला शुल्काचा तक्ता पाठविणे म्हणजे प्रश्न न ऐकणे होय. तेथे शिष्यवृत्ती आणि सवलती यांची माहिती द्यावयास हवी.

संदेश केव्हा आणि किती पाठवावेत, हेही ठरवावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपने व्यावसायिक संस्थांसाठीची जी सेवा २०१८ मध्ये सुरू केली, तिच्या नियमांनुसार व्यक्तीने संदेश पाठविल्यापासून २४ तासांपर्यंत संस्था मोकळेपणाने उत्तर देऊ शकते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेल्या नमुन्यातील संदेशच पाठविता येतो. नियम नसता, तरी विवेकाने हेच सांगितले असते. रोज दार ठोठावणारा पाहुणा कितीही गोड बोलला, तरी नकोसाच होतो.

मराठीत बोलणारे यंत्र

इंग्रजीत लिहिलेले संभाषण शब्दशः मराठीत आणून भागत नाही. मराठीत क्रियापदाला लिंग असते. ‘मी मदत करतो’ म्हणावे की ‘मी मदत करते’? यंत्र पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. म्हणून ‘माहिती पुढीलप्रमाणे आहे’, ‘फोनची व्यवस्था करता येईल’ अशी वाक्यरचना अधिक योग्य ठरते. समोरच्या व्यक्तीविषयीही हाच प्रश्न येतो. ‘तुम्ही कोठे अडकला होतात?’ हे पुरुषाला आणि ‘अडकल्या होतात?’ हे स्त्रीला. ‘अडचण कोठे आली?’ असे विचारले की हा घोटाळा टळतो आणि प्रश्नातील दोषारोपही जातो. कारण अडचण येते, माणूस अपुरा नसतो.

संबोधनाचाही विचार करावा लागतो. कार्यालयातील शिपाई या अर्जदाराला ‘ताई’ म्हणेल आणि ते तिला आवडेल. यंत्राने ‘ताई’ म्हटले, तर नसलेले नाते जोडल्यासारखे होईल. ‘तुम्ही’ हे साधे आदरार्थी रूप त्यासाठी पुरेसे आहे.

लोकांची मराठी यंत्राला कळणे, हे त्याहून अवघड आहे. ‘अडीच हजार भरले’, ‘साडेतीन हजार बाकी आहेत’ यातील अडीच आणि साडेतीन त्याला समजले पाहिजेत. ‘परवा’ हा शब्द तर गेलेला दिवसही दाखवितो आणि येणाराही. ‘परवा पैसे भरले’ आणि ‘परवा पैसे भरेन’ यांतील भेद केवळ क्रियापदावरून कळतो. सीमाभागातून बेंगळुरूला आलेली व्यक्ती मराठीत कानडी शब्द सहज मिसळते, शिवाय अनेकदा रोमन लिपीत मराठी लिहिते. रचनाकाराने अशा वाक्यांवर यंत्राची परीक्षा घेतली नाही, तर ते केवळ पुस्तकी मराठी समजेल. ज्यांना साहाय्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तेच लोक मग बाहेर राहतील.

उत्तराची जबाबदारी

भाषा-प्रतिमानांवर आधारलेले यंत्र ठाऊक नसलेली गोष्टही ठामपणे सांगू शकते. त्याची वाक्ये निर्दोष असतात; माहिती मात्र चुकीची असू शकते. कॅनडात एका प्रवाशाला एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने भाडे सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई देण्याचा आदेश दिला.

प्रवेशाच्या बाबतीत अशा चुकीची किंमत फार मोठी असते. मुदतीची तारीख चुकीची सांगितली गेली, तर अर्जदाराचे वर्ष वाया जाते. म्हणून तारखा, शुल्क आणि पात्रतेचे नियम यांची उत्तरे यंत्राने स्वतः रचू नयेत. संस्थेने तपासून ठेवलेल्या नोंदींतूनच ती द्यावीत. उत्तर ठाऊक नसेल तेथे ‘हे कार्यालयाला विचारावे लागेल’ असे यंत्राने स्पष्ट सांगावे. कोणी निराशेचे वा घरातील संकटाचे शब्द लिहिले, तर संभाषण ताबडतोब माणसाकडे जावे.

संमती आणि संयम

अर्जदाराचा मोबाइल क्रमांक, गुण, उत्पन्न ही तिची खाजगी माहिती आहे. आपल्या देशाच्या २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या बाबतीत काही तत्त्वे घालून दिली आहेत. संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली असावी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे. संमतीची विनंती इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही वाचावयास उपलब्ध असावी. मराठी ही त्या भाषांपैकी एक आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे.

कायद्यापलीकडे एक नैतिक प्रश्न उरतो. संस्थेला जागा भरावयाच्या असतात आणि अर्जदाराला योग्य शिक्षण हवे असते. हे दोन हेतू नेहमी एकच असतात असे नाही. केवळ शुल्क भरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून संभाषण यशस्वी झाले, असे मानणे चुकीचे ठरेल. कदाचित आपल्या त्या अर्जदाराला रोजच्या वर्गांपेक्षा दूरशिक्षण अधिक सोयीचे असेल. प्रामाणिक संवाद तिला तसे सांगेल, मग संस्थेची एक जागा रिकामी राहिली तरी चालेल. आणि तिने ‘आता अर्ज करायचा नाही’ हा चौथा पर्याय निवडला, तर त्या निर्णयाचा मान राखून यंत्राने थांबले पाहिजे.

पूर्वी गावात एखादे शिकलेले माणूस असे. लोक त्याच्याकडे कागद घेऊन जात आणि तो ते वाचून समजावून देई. त्याला प्रश्न विचारण्यात कमीपणा वाटत नसे. शहराच्या गर्दीत असे माणूस सर्वांच्या वाट्याला येत नाही. चॅटबॉट त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु रविवारी दुपारी कार्यालय बंद असताना एका साध्या प्रश्नाचे खरे उत्तर तो देऊ शकतो. अर्धवट राहिलेला अर्ज अपात्रतेचा पुरावा नसतो. पुष्कळदा तो न विचारलेल्या एका प्रश्नाची खूण असतो. तो प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक शिकणाऱ्याला आहे, आणि त्याचे आदरपूर्वक उत्तर देणे हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य आहे.

शब्दार्थ

स्थूल नोंदणी प्रमाण – ठरावीक वयोगटाच्या लोकसंख्येशी नोंदलेल्या एकूण विद्यार्थ्यांचे प्रमाण
भाषा-प्रतिमान – मजकुरावरून भाषेची घडण शिकणारी संगणकीय प्रणाली
न्यायाधिकरण – विशिष्ट प्रकारचे तंटे सोडविणारी न्यायसंस्था
पवित्रा – भूमिका

स्वाध्याय

१. अर्जदार प्रवेशाच्या वाटेवरून परत फिरतात, याची पाठात आलेली कारणे लिहा.
२. ‘यंत्राने कोणाचे मन वळविले नाही’ हे विधान जॉर्जियातील प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा.
३. पुढील वाक्ये लिंगभेद दिसणार नाही अशा रीतीने पुन्हा लिहा : (अ) मी तुम्हाला माहिती देतो. (आ) तुम्ही कार्यालयात का गेल्या नाहीत?
४. तुम्ही किंवा तुमच्या परिचयातील कोणी एखादा अर्ज अर्धवट सोडला असेल, तर तो कोठे आणि का थांबला, हे आठ-दहा ओळींत लिहा. त्या वेळी कोणता प्रश्न विचारला गेला असता, तर उपयोग झाला असता?